हळदीकुंकवाचं बोलावणं

राजूर, ता. भोकरदन
शनिवार, २४ जानेवारी २०२६

प्रिय नाजिया,

फार दिवसांनी लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफी. तुझे फोन मी उचलले नाहीत. मेसेज वाचले, वाचल्याच्या निळ्या खुणाही तुला दिसल्या असतील, आणि तरी उत्तर दिलं नाही. भारत वारला तेव्हापासून फोनवर कुणी "कशी आहेस" एवढं विचारलं तरी माझं पुढचं बोलणं तिथेच अडतं. कागदावर निदान तू मध्येच विचारू शकत नाहीस.

नांदेडला थंडी कितपत आहे? तुझी बदली टळली का? इथे हरभरा चांगला आहे, सकाळी धुकं असतं, आणि तुझ्या अम्मींची तब्येत उत्तम आहे. किती उत्तम ते पुढे कळेलच.

हे सगळं मी रोज डायरीत लिहिते. पण डायरी फार लवकर माझ्या बाजूची होते. तू तशी होणार नाहीस, म्हणून तुला विचारते. उद्या संध्याकाळी शालूची मोठी सभा आहे आणि घरच्यांना मी स्टेजवर बसायला हवी आहे. मी बसणार नाही. दुसरंच काहीतरी करायचं ठरवते आहे. ते बरोबर म्हणून करते आहे की नुसती चिडले म्हणून, हे मला नीट कळत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत उद्याचा दिवस होऊन गेलेला असेल, तरी सांग.

शालू म्हणजे माझी जाऊ. जिल्हा परिषदेला उभी आहे. अंगदभाऊजींनी गेली काही वर्षं स्वतःसाठी तयारी केली होती, लग्नं-मयती एकही सोडली नव्हती. सोडत निघाली आणि गट बायकांसाठी राखीव झाला. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी शालूला घेऊन फोटो काढायला गेले. आता चौकात बॅनर आहे. शालू हात जोडून उभी आणि तिच्यामागे भाऊजींचा चेहरा तिच्या दुप्पट. गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने तिलाच विचारलं, "मंग मत कोणाला द्यायचं, पुढच्याला का मागच्याला?"

आमचं अंगण सध्या एस.टी. स्टँड झालं आहे. सकाळपासून माणसं, मोटारसायकली, चहा. सिनेमाच्या चालीवर शालूचं नाव बसवलेलं गाणं वाजवत गाडी गल्लीतून फिरते. सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणतो, तुला आठवत असेल. त्या परवा म्हणाल्या, "चहाचं भगुनं चुलीवरून उतरंना. निवडून कोण यायचं ते येईल, भगुन्याचं बूड तेवढं जाईल." मलाही हसू आलं. खोटं कशाला सांगू, या गडबडीत मला बरं वाटत होतं. शालूला भाषण लिहून देत होते. ती भाकरी थापता थापता ते पाठ करायची आणि अडलं की पिठाच्या हाताने मला खूण करायची. घरात माझा काही उपयोग आहे, असं पुष्कळ दिवसांनी वाटलं होतं.

गुरुवारी हळदीकुंकू झालं. हळदीकुंकू तुला सांगायला नको, कॉलेजात असताना माझ्यापेक्षा जास्त वाणं तू गोळा करायचीस. आचारसंहिता असल्यामुळे कापडी फलकावर एका बचत गटाचं नाव होतं, पण वाण वाटणारे हात आमच्याच घरचे. स्टीलचे डबे, झाकणाला लाल रिबीन. सगळ्या गल्ल्यांतून बाया आल्या. मी त्या दिवशी नव्हते. कॉलेजात पेपर तपासायचे राहिले होते.

नाही. हे मी खोटं लिहिलं. खोडत नाही, राहू दे. मी घरातच होते. आमच्या घरात, आतल्या स्वयंपाकघरात, आणि मधलं दार लोटलेलं होतं.

बुधवारपर्यंत सगळी तयारी मी केली होती. तिळाचे लाडू माझ्या हातचे होते, डब्यांना रिबिनी मी बांधल्या. गुरुवारी सकाळी भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले. चप्पल काढायची की नाही, असं त्यांचं चाललं होतं.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. आपण असलं काही मानत न्हाई. पण बाया मानतात ना. त्यात निवडणूक हाये. एका दुपारचा तर प्रश्न हाये."

मी म्हणाले, "बराबर आहे."

नाजिया, मी "बराबर आहे" म्हणाले! तो शब्द तोंडातून आला कसा, याचा मला भाऊजींपेक्षा जास्त राग येतो. आणि त्यांचं ते "आपण मानत न्हाई"! मानत असते तर मी भांडले असते. जो स्वतः मानत नाही आणि तरी मला दाराआड बसवतो, त्याच्याशी भांडायचं तरी कशावरून?

आत आत्याबाई वाल सोलत बसल्या होत्या. आमचे मामंजी गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांची हीच जागा. बाहेर माइकवर कुणीतरी सारखं ओरडत होतं, "सर्व माता-भगिनींनी लाभ घ्यावा." मी पाटावर बसले. आत्याबाईंनी मूठभर वाल माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, "सवय होऊन जाती, बाई. मला बी झाली." त्यांनी हे मायेने म्हटलं, म्हणूनच मी घाबरले.

संध्याकाळी प्रचारातली एक मुलगी स्वयंपाकघरात आली. शालूच्या निवडणूक चिन्हाचे दोन छापील कागद तिने आमच्या हातात दिले. "ताई, आजी, चिन्ह लक्षात ठेवा बरं का." वाण त्या दारातून आत आलं नाही. मताची आठवण मात्र बरोबर आली.

दुसऱ्या दिवशी अप्पाराव. समोरच्या पॅनलची सगळी धावपळ तेच करतात. त्यांनी कधी आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता, काल मागच्या दाराने आले.

"ताई, तुमच्यावर अन्याव झाला. सगळ्या गावाला वाईट वाटून राह्यलं. आम्ही विधवा भगिनींचं हळदीकुंकू ठेवलंय. पहिलं कुंकू तुम्हाला. फोटोवाला बी सांगून ठेवलाय."

"कुंकू लावायचंय का फोटो काढायचाय, अप्पाराव?"

"दोन्ही एकदाच होतंय ना, ताई."

"तुमच्या वाड्यात सोमवारी हळदीकुंकू झालं. तुमच्या थोरल्या बहिणीला ओसरीवर बोलावलं होतं का?"

त्यांना एकदम फोन आला. वाजला मात्र नव्हता.

मी त्यांना चहासुद्धा न देता घालवलं. पण तुझ्यापासून काय लपवू? ते गेल्यावर मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. दहाव्या दिवशी बायांनी मला न विचारता माझी टिकली काढली होती, आणि ती जागा तेव्हापासून तशीच आहे. मी शिकवते, वाचते, मुलींना वर्गात मोठमोठं सांगते, आणि बाजारातून टिकल्यांचं पाकीट आणणं माझ्याच्याने झालं नाही. कुणी अडवलं होतं? म्हणून राग नेमका कुणाचा, हा प्रश्न मला सोडत नाही.

आता अम्मींचं. आज सकाळी शालूची पदयात्रा तुमच्या गल्लीत गेली. भाऊजींनी मलाही बरोबर घेतलं होतं. गुरुवारचं लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून असेल. अम्मी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. भाऊजी पुढे झाले, वाकले. "अम्मी, ध्यान राहू द्या. वाण पोचलं ना?"

"पोचा ना." अम्मींनी आतून रिबिनीसकट डबा आणला. "अंगद बेटा, मेरे कू एक बात समझा. ये डब्बा मेरे कू दिए. प्रिया कू काय कू नहीं दिए?"

गाडीवरचं गाणं चालूच होतं. भाऊजींनी हाताने खूण करून ते बंद करायला लावलं. ती त्यांची चूक झाली, कारण मग सगळ्यांनाच नीट ऐकू येऊ लागलं.

"अम्मी, त्ये आमच्यात… वहिनीचं…"

"बेवा है करके?"

भाऊजी गाडीकडे बघू लागले.

"तो मैं कौन हूँ? मेरे मियाँ के जनाजे कू तूच कांधा दिया ना रे? भूल गया? मैं बेवा नहीं क्या?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊजी घाईघाईने म्हणाले, "अम्मी, तुमचं येगळं हाये. त्या वाटणाऱ्या पोरींना माहीत न्हवतं. चुकून झालं."

चुकून! नाजिया, तुझ्या आईला मान दिला तो चुकून. तुमच्या गल्लीत मतं आहेत, म्हणून घरोघर डबे गेले. त्या घरातल्या बाईचा नवरा आहे की नाही हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. माझ्या घरात मात्र न विचारताच सुचलं.

अम्मी उठल्या. डबा त्यांनी प्रचाराच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "गलती से आया तो वापस लेके जा. और वोट मैं किसकू देती, वो मेरे कू मालूम." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "और तू क्या खड़ी है मुंडी डाल के? तेरे मुँह में जबान नहीं?"

 मी मराठी शिकवते, आणि मला एक वाक्य जुळवता आलं नाही.

घरी आल्यावर भाऊजींनी मला ओसरीवर गाठलं. "वहिनी, म्हातारीला तुम्हीच शिकवून ठेवलं. सगळा मोहल्ला हातचा गेला. आता उद्या स्टेजवर येऊन बसा. काही बोलू नका, नुसतं बसा. लोकांला दिसलं पाहिजे, घर एक हाये."

गुरुवारी दिसायचं नव्हतं, रविवारी दिसायचं आहे. मी म्हणाले, "मी येणार नाही." या वेळी वाक्य पुरं झालं.

"मंग भारतदादाच्या मागं तुम्हाला कोणी सांभाळलं त्ये बी आठवा," असं म्हणून ते निघून गेले. मी माझ्या पगारावर जगते, हे त्यांना माहीत आहे. तरीही बोलले. ज्या बाईचा नवरा गेला ती कुणीतरी सांभाळलेलीच असायला हवी!

दुपारी शालू स्वयंपाकघरात आली. मला वाटलं तीही सभेचंच बोलेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"ताई, गुरुवारी तुम्ही नको म्हणल्या होत्या ना? ह्यांनी मला तसं सांगितलं. वहिनीच म्हणल्या, मला नको."

मी नाही म्हणून मान हलवली. तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला खोटं वाटलं होतं. पण मी तुम्हाला येऊन विचारलं न्हाई. सोपं पडलं मला."

या साऱ्या आठवड्यात माझ्याशी कुणी खरं बोललं असेल तर ती शालू. दोन दिवस मी मनातल्या मनात तिला काय काय बोलले होते! तिच्यावरचा राग गेला असं नाही. पण निदान आता तो जेवढा तिच्या वाट्याचा आहे तेवढाच राहिला.

उद्या रथसप्तमी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. मी ठरवलं आहे, उद्या दुपारी माझ्या ओसरीवर मी हळदीकुंकू करणार. फलक नाही, माइक नाही, फोटो नाही. वाण म्हणून तिळगूळ आणि शेतातला हरभऱ्याचा टहाळ. नवरा असलेली, नसलेली, लग्नच न केलेली, सगळ्यांना बोलावणार. आधी मनात आलं, सभेच्याच वेळी ठेवावं. मग लक्षात आलं की तसं केलं तर मीही तिसरं पॅनल झाले. म्हणून दुपारी.

मी शालूला विचारलं, "येशील?"

"उमेदवार म्हणून का जाऊ म्हणून?"

"जाऊ म्हणून."

ती चहाचं भगुनं घेऊन बाहेर गेली. येईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या हातचं कुंकू लावून घ्यायला गावातल्या किती जणी तयार होतील, तेही माहीत नाही. निवडणुकीच्या तोंडावर तर कुणी धजणारच नाही. कदाचित टहाळाचा भारा तसाच पडून राहील आणि भाऊजी म्हणतील, बघा, मी सांगत होतो. अम्मींना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "आती मैं. कुंकू-बिंकू नक्को, लड्डू दे दो-चार." म्हणजे एक तरी नक्की.

आणि मी स्वतः लावणार का? खरं सांगू, अजून ठरलेलं नाही. कुणाला दाखवायला म्हणून लावायचं नाही, आणि कुणाला भिऊन टाळायचंही नाही. या दोन्हींच्या मध्ये माझी स्वतःची इच्छा कुठे आहे, ती मला सापडली पाहिजे. सापडली तर तुला कळवीन. मुख्य म्हणजे मला कुणी विचारावं असं इतके दिवस वाटत राहिलं, आणि दुसऱ्या कुणाला विचारणं माझ्याही हातात आहे हे आज सुचलं.

अम्मींवर रागावू नकोस. फोनवर त्या तुला उलटंच काहीतरी सांगतील.

जिच्याकडे न बोलावता कधीही येऊ शकतेस अशी,
तुझी
प्रियदर्शनी

उद्याचं काम: सकाळी उठल्यावर हातात कुंकवाची कोयरी घेऊन, रीतसर, आतल्या दाराशी जाऊन आत्याबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं करणे.