कबरीवरचा पिवळा गुलाब

धाकटे डोर्थुला, तुला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. नातू गिरणीत जातो, नातसून मक्याची भाकरी करपवते, मी मुकाट्यानं खाते. तुझा खोकला कसा आहे?

डोंगराचं सरकारी उद्यान केलं, आम्हाला उठवलं. तुला तिथं मरेपर्यंत राहायची मुभा दिली, तेवढं बरं. पण तू कळवतेस, उद्यानाच्या साहेबानं कबरीवरचा मी लावलेला पिवळा गुलाब उपटला. म्हणे, "आजी, हे झाड बाहेरचं, जंगल मूळचं हवं." मग विचारायचंस ना, "मेल्या, तू तरी कुठला इथला?"

आपण दगडावर कधी नाव कोरलं नाही. ओढ्यातला दगड उभा करायचा. कोण कुठे निजलंय, घरच्यांना ठाऊक. माझ्या लेकीला, लुटीला, मी त्या गुलाबावरून ओळखायची. तेवीस दिवसांची होती. आता तिथले पाचही लहान दगड सारखेच दिसतात म्हणतेस. मलाही आठवेना गं, डावीकडून दुसरा की तिसरा.

मे महिन्यात कबरींवरचं गवत खरवडायला जाशील, तेव्हा पाचही साफ कर. फुलं कमी पडली तर एकेकच ठेव, पण कुणाला वगळू नकोस.

शाल घेऊन जा.

तुझी थोरली,
महेला