उजवीकडची रिकामी सीट

मी, अमृतराव, वय सत्त्याहत्तर, धंदा मोटार मिस्त्री, राहणार आदिलाबाद, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. बाकी शरीर थकलं आहे, पण कायदा त्याबद्दल विचारत नाही.

१. मी स्वतः बांधलेलं राहतं घर मुलगी मीनल हिला. न्हाणीघराचं छत गळतं. तीन वर्षं दुरुस्त करतो म्हणालो, आता तिनंच करावं.

२. गॅरेज व सर्व अवजारं हाताखालच्या संतोषला. वीस वर्षं माझी बोलणी खाऊन तो टिकला. चौदा नंबरचा पाना शेजारच्या रविकांतने नेला आहे. तो नाही म्हणेल, तरी मागावा.

३. आधीच्या मृत्युपत्रात, धाकटा भाऊ मोतीराम याने माझ्या मयताला येऊ नये असं लिहिलं होतं. ते कलम रद्द. कारण लिहितो.

गेल्या सोमवारी मीनलसोबत बाजारात उभा होतो. कापसाच्या ट्रॅक्टरमागून हिरवी शेवरलेट आली. बंपर चकचकीत, रंगावर ओरखडा नाही. अशी अमेरिकन गाडी गावात एकच होती, जिनिंगवाल्या यशवंतरावांची. त्यांच्याकडून ती आम्ही दोघा भावांनी घेतली होती. अपघातानंतर मी मोतीरामला ती भंगारात घालायला सांगितलं. त्याने ती भीमपूरला नेऊन पुन्हा उभी केली, हे मला ठाऊक नव्हतं.

तिचं स्टिअरिंग डावीकडे. पुढच्या गाडीला ओलांडताना चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने ‘काढ’ किंवा ‘थांब’ सांगायचं. मी चालवायचो, मोतीराम सांगायचा. सोमवारी तो एकटाच चालवत होता. उजवी सीट रिकामी. मागचे लोक हॉर्न वाजवून वैतागले, पण तो ट्रॅक्टरच्या मागेच राहिला. मला रडू आलं. मीनलने विचारलं, “बाबा, काऊन रडून राह्यले?” तिला तेव्हा सांगितलं नाही, ते इथे सांगतो.

बत्तीस वर्षांपूर्वी मी एका बैलगाडीला ओलांडायला गेलो आणि समोरून ट्रक आला. मागे बसलेली माझी बायको तुळजाबाई जागीच गेली. मोतीरामचा खांदा मोडला. त्याने ‘काढ’ म्हटलं म्हणून मी काढली, असं मी सगळ्यांना सांगितलं. मीनल आजवर त्याला काका म्हणत नाही, ते माझ्यामुळे. त्याने कधी तोंड उघडलं नाही. खरं असं की तो म्हणाला होता, “दादा, थांब. ट्रक येऊन राह्यला.” मी ऐकलं होतं. मला घाई होती.

४. मोतीरामला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि मला त्याचीच साक्ष हवी आहे. संतोषच्या हाती निरोप धाडला आहे. आला तर त्याने हे सगळं वाचावं, मग सही करावी. नाही केली तर हा कागद रद्दी समजावा. माझी तक्रार नाही.

ठिकाण: आदिलाबाद
तारीख: १८ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: अमृतराव (सही)

साक्षीदार १: गोपाल, किराणा दुकानदार (सही)

साक्षीदार २: मोतीराम, भीमपूर (सही)
वाचलं, दादा. गाडी दारात उभी हाय. उजवीकून येऊन बस.