हिराच्या जागेचं एकमत

११ नोव्हें.
आज पुन्हा फोनांचं एकमत झालं नाही. मंडईमागच्या आमच्या ओळीत बायका मेथीच्या पाट्या घेऊन ताटकळल्या. ऊन वर आलं तरी कुणी कुठं बसायचं ते ठरेना. गुडघे गेल्यापासून मी धायरीत घरीच असते, पण हिराचा फोन आला की ओळीत उभी असल्यासारखं वाटतं. म्हणाली, "आक्का, नातीला सांग, मेथी काय फोनसाठी थांबत न्हाय."

सायलीला सांगितलं. हडपसरच्या ऑफिसातून दमून आली होती. म्हणे, थोड्या जणी होत्या तोवर झटकन व्हायचं, आता सगळी ओळ घेतली, म्हणून वेळ लागतो. मी म्हटलं, लग्नाच्या बैठकीत आत्या-मावश्या वाढल्या की असंच होतं, त्याला इंजिनियर कशाला लागते?

१४ नोव्हें.
नंदा, माझी सून, हे लिहून घेते. सायलीचं नुसतं 'सा.' लिहिते. पोटच्या पोरीच्या नावात काटकसर!

सा. ने पुन्हा समजावलं. पूर्वी जागा दमदाटीनं ठरायच्या. आवाज मोठा तिची सावली. आता सा. च्या कंपनीनं प्रत्येकीला एक फोन दिलाय, तो म्हणजे एक नोड, मोजायचं एक वेगळं मत. पहाटे फोन बोलून विचारतो, अमकीला अमकी जागा द्यायची का, बाईनं हिरवं नाहीतर लाल दाबायचं. दर तिघींतल्या दोघी हो म्हणाल्या की ठरलं. ठरलं ते सगळ्यांच्या फोनात कायमचं. ह्यालाच ब्लॉकचेन म्हणतात. कुणी पुढारी आला तरी खोडता येत नाही.
"आणि तुला?"
"मलाही नाही, आजी. तीच तर गंमत आहे."
बरं. असेल गंमत.

हिरा ह्यात माझ्या शब्दावर आली. नाहीतर ती कसली येते.

२० नोव्हें.
सा. नाचत घरी. आता पातं लवायच्या आत एकमत होतंय, ह्या आठवड्यात एकदाही अडलं नाही. साहेब खूश. आता हडपसरच्या बाजारातही लावायचं म्हणतात, त्याआधी आमच्या ओळीतलं काम बघायला बाहेरचे पाहुणे येणार. नंदानं शिरा केला.

मला काही तो गोड लागला नाही. एवढ्या बायका, आणि एका दमात हो? आमच्या ओळीत चहा सांगायचा म्हटलं तरी दोघी रुसायच्या.

२२ नोव्हें.
हिरा येऊन गेली. तिनंच फोडलं. कंपनीचे सगळे फोन ओळीतल्या सुमनच्या पाटीत असतात! सुमनचा टेम्पो सगळ्यांत आधी पोचतो. बाकीच्या बसमध्ये, नाहीतर हात ओले. म्हणून फोन तिच्याकडेच ठेवून जातात. पहाटे ती गोणपाटावर मांडते आणि हिरवं, हिरवं, हिरवं. भाकऱ्या थापल्यासारखं.
"तुझापण?"
"मग! मी काय येगळी?"

नंदा म्हणते सायलीला सांगू नका, पोरगी किती दिवसांनी हसतेय. मी म्हणते सांगायचं. मत द्यायला घरात आम्ही दोघीच, तिघींतल्या दोघी आणायच्या कुठून?
(आत्या, मी 'आत्ताच नको' एवढंच म्हटलं होतं. — नंदा)

२३ नोव्हें.
सांगितलं. सा. चा घास हातातच राहिला. "आजी, म्हणजे एवढे नोड नाहीतच. एकच आहे."
तशीच उठून साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, वेळ कमी झालाय ना? मग पाहुणे येऊन जाऊ देत, नंतर बघू.
त्या दिवशीचा शिरा उरला होता, तो कामवालीनं नेला.

२९ नोव्हें.
हिराची जागा गेली.
नळाजवळची, सावलीतली. आम्ही शेजारी बसायचो तेव्हापासूनची. तिथं आता सुमनची सून. हिराला टोकाला टाकलंय, कचऱ्याची गाडी उभी राहते तिथं. फोननं रीतसर विचारलं, सगळ्या फोनांनी हो म्हटलं. हिराच्यासुद्धा.

हिरा सुमनला म्हणाली, "माझी जागा जायला मीच हो म्हटलं व्हय गं?"
सुमन म्हणाली, "फोन तूच दिलास की. मी काय चोरला?"
 त्या टोकाला कुणी कोथिंबीर घ्यायला नाकसुद्धा नेत नाही.

१ डिसें.
सा. ला म्हटलं, खोड ते.
"नाही खोडता येत."
"तू केलंस ना?"
"म्हणूनच. मला खोडता आलं तर उद्या कुणालाही येईल."
"कुणालाही येऊ नये म्हणून हिरानं उकिरड्यावर बसायचं?"
उठून न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. नंदा हे लिहायला तयार नव्हती.

बाहेर आल्यावर म्हणाली, एकच वाट आहे. नवा प्रस्ताव टाकायचा, हिराची जागा हिराला. तिघींतल्या दोघींनी हिरवं दाबायचं. ऑफिसात विचारलं, तर म्हणाले, यंत्रणा नियमाप्रमाणेच चालली आहे. खरं आहे. मला त्याचंच तर भ्या वाटतं.

५ डिसें.
सा. बरोबर रिक्षानं मंडईत गेले. ओळीतून एकेकीपुढं थांबले. फोन परत घ्या गं, आपापलं आपण दाबा.

कमल म्हणाली, "आक्का, सुमनशी वाकडं घेऊन दिवसभर तिच्याच शेजारी बसू?" दुसरी म्हणाली, पहाटे कोण फोनशी खेळत बसणार, पहिल्यासारखा खोळंबा होतो. तिसरीच्या डोळ्यांत पाणी आलं, हिराचं लई वाईट झालं म्हणाली, माझ्या पिशवीत मेथीची जुडी कोंबली. मेथी दिली, फोन नाही घेतला.

सुमननं मला चहा पाजला. तोंडात आवाजच नाही तिच्या, आता लागतच नाही. चहा झाल्यावर फोनांवर गोणपाट ओढलं.

हिरानं तेवढा स्वतःचा काढून घेतला. सा. नं प्रस्ताव टाकला, हिरानं हिरवं दाबलं. फोन बोलला, तुमचं मत मिळालं, इतरांची वाट पाहत आहोत.

तिघी टोकाला बसलो. सा. नं नाकाला ओढणी लावली होती, मग आपणच सोडली.
"पोरी, किती येळ वाट बघतंय गं हे?"
"संपत नाही, मावशी. उत्तरं येईपर्यंत थांबतं."
"आन न्हाय आली तर?"
सा. नं ओढणीनं फोन पुसून तिच्या हातात दिला.

हिरानं फोन पाटीच्या कडेला उभा केला, कोथिंबिरीवर पाणी मारलं आणि ओरडायला लागली, दहाला जुडी, दहाला जुडी. मधे थांबून फोनकडे बघायची, पुन्हा ओरडायची.