आडवी पांढरी रेघ

आप्पा,

गेल्या आठवड्यात दुकानात एक चपटा टीव्ही आला. तुम्ही असले टीव्ही पाहिलेच नाहीत. भिंतीला टांगतात, मागे डबडं नसतं, एका हाताने उचलता येतो. आणणारा माणूस म्हणाला, आपोआप बंद पडला. मी टॉर्च पडद्याला टेकवून पाहिला. नुसता मागचा उजेड गेलेला असेल तर टॉर्चच्या प्रकाशात आतलं चित्र अंधुक दिसतं. इथे तसं नव्हतं. कोपऱ्यात मुठीएवढा काळा डाग आणि तिथून चहूकडे भेगा. "याला काहीतरी लागलंय," मी म्हणाले. मागे उभी असलेली त्याची बायको घाईने म्हणाली, "माझाच धक्का लागला." धक्क्याने पडलेला टीव्ही असा फुटत नाही. हाणलेला फुटतो. हा फरक मला कळतो, आणि तो मी तुमच्याच घरात शिकले.

तुम्ही माझे सासरे. कोपरगावात पुढे टीव्ही दुरुस्तीचं दुकान, मागे आपलं स्वयंपाकघर आणि मध्ये नुसती फळ्यांची भिंत. टीव्ही उघडून तुम्ही त्याच्या पाठीमागे बसायचात, मग पडद्यावर काय चाललंय ते तुम्हाला दिसायचं नाही. लग्नानंतर महिनाभरात एकदा मी चहा घेऊन आले तर म्हणालात, "पोरी, जरा पुढं हो. काय दिसतंय ते सांग." मी सांगितलं, चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढल्यासारखं झालंय. तुम्ही आत काहीतरी फिरवलंत. "आता?" आता थोडं रुंद झालं. असं सांगता सांगता मी कुठल्या खोडीमागे कुठला भाग ते शिकत गेले. आवाज येतो पण पडदा काळा असेल तर आधी पिक्चर ट्यूबच्या मानेत लाल ठिणगी दिसते का बघायचं. बंद केलेल्या ट्यूबलाही हात लावायचा नाही, ती नंतरही झटका मारते. तुम्ही माझ्यावर कधी ओरडला नाहीत. एकदा माझा ओठ सुजलेला होता. तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "चित्रात हिरवा रंग हाय का?"

तुमचा मुलगा साखर कारखान्यात कामाला होता. दारूला शिवत नव्हता. मी माहेरी मार सांगितला तेव्हा आईने पहिलं विचारलं, "पितो का?" नाही म्हटल्यावर ती उठून चहा ठेवायला गेली. तो शुद्धीत मारायचा, दार लावून, बांगड्या फुटू नयेत म्हणून आधी काढून घ्यायचा. आणि फळ्यांच्या पलीकडे तुम्ही दुरुस्तीला आलेल्या टीव्हीचा आवाज वाढवायचात. शेती, बातम्या, साबणाची जाहिरात, जे असेल ते. आवाज वाढला की मला कळायचं, तुम्हाला ऐकू जातंय.

ती दुपार मॅचची होती. एक गिऱ्हाईक टेम्पोतून टीव्ही घेऊन आलं. आवाज व्यवस्थित, चित्र मात्र नाही, काळ्या पडद्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ. तुमचा मुलगा सुट्टीमुळे घरी होता. हे काम त्याला कधी जमलं नव्हतं, पण गिऱ्हाइकापुढे बसायला आवडायचं. तो म्हणाला, "ट्यूब गेली. नवीन टाकावी लागंल." माझ्या तोंडून निघून गेलं, "ट्यूब गेली असती तर रेघ तरी कशी दिसली असती? चित्र वर-खाली ताणणारा भाग गेलाय." गिऱ्हाईक तुमच्याकडे बघायला लागलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सूनबाईचं बरोबर हाय." गिऱ्हाईक हसलं. ते हसायला नको होतं.

गिऱ्हाईक बाहेर पडलं आणि तुमच्या मुलाने माझी वेणी मुठीला गुंडाळली. या वेळी बांगड्या काढल्या नाहीत. स्वयंपाकघरात नेऊन त्याने माझं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. "गिऱ्हाइकापुढं मला शिकवती व्हय? बापाला फितवती?" जिभेवर दाताचा तुकडा आला. पलीकडे मॅचचा आवाज वाढला, आणखी वाढला, फळ्या थरथरायला लागल्या. आणि लाइट गेली. अख्खी गल्ली गप्प झाली आणि त्या शांततेत माझं डोकं ओट्यावर आपटल्याचा आवाज मलाच पहिल्यांदा नीट ऐकू आला.

तुम्ही दारात उभे. "सोड तिला."

"तुमी मधी पडू नका."

"सोड म्हनलं ना!"

त्याने मला सोडलं आणि तुम्हाला धरलं. तुमचा चष्मा त्याच्या पायाखाली चुरडला. तो तुमच्या छातीवर गुडघा रोवून बसला, दोन्ही हात गळ्यावर. तुमचे पाय फरशीवर घासत होते. रक्त डोळ्यांत उतरल्याने मला धड दिसत नव्हतं. हाताला खलबत्त्यातला लोखंडी बत्ता लागला.

त्याच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. तुम्हीच रिक्षा आणलीत, दवाखान्यात नेलंत आणि पोलीस चौकीत मला बोलू दिलं नाहीत. "बापलेकाचं भांडन हुतं सायेब. त्यानं गळा धरला, मी बत्ता हानला. ही तर बेशुद्ध हुती." तुमच्या गळ्यावर बोटांचे वळ दिसत होते, त्यांनी खरं मानलं. भावकीने मानलं. त्यानेही मानल्यासारखं केलं. बायकोने हात मोडला म्हणण्यापेक्षा ते बरं. तो बेलापूरला मामाकडे राहायला गेला तो तुम्ही असेपर्यंत परत आला नाही. तुमच्या सख्ख्या भावाने तुमच्याकडे येणं बंद केलं. तुम्ही आणि मी दुकान चालवत राहिलो. एकदा सोल्डर करता करता तुम्ही म्हणालात, "मला समदं ऐकू यायचं पोरी." मी म्हणाले, "मला ठाऊक होतं." तुम्ही पुढे काही बोलाल म्हणून मी बराच वेळ थांबले. तेवढं एक मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

चार वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा तो आला. विस्तवाचं मडकं त्याने डाव्या हातात धरलं, उजवा नुसताच लोंबत होता. उंबऱ्यापाशी बायका कुजबुजल्या, बघा, बापानं पोटच्या पोराचा हात घालवला. मी तिथेच उभी होते. पदर सारखा केला आणि आत गेले.

हे कुणाच्या हाती पडणार नाही म्हणून लिहिते. तुम्हाला वाटत राहिलं की तुमचा गळा सोडवताना एकच घाव बसला. चष्म्याविना तुम्हाला दिसलं नाही. पहिला घाव त्याच्या पाठीवर बसला होता आणि तुमचा गळा तेव्हाच सुटला होता. तो बाजूला पालथा पडला होता, उजवा हात फरशीवर पसरलेला. तुम्ही खोकत होता. मी पदराने डोळ्यांतलं रक्त पुसलं, मनगट कुठे आहे ते नीट बघितलं आणि मग मारलं.