बाटलीचं पाणी

आई, नौपाड्यातल्या आपल्या घरी तू पाळणाघर चालवायचीस, त्यातली एक मुलगी आज डोंबिवलीला माझं बाळ बघायला आली होती. आता कसली मुलगी, कॉलेजात शिकवते. मी बाटली तयार करत होते. तिनं ती सरळ माझ्या हातातून घेतली, मनगटावर थेंब टाकला आणि म्हणाली, "मावशी असंच करायच्या." माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू. मावशी म्हणे. माझी आई होतीस तू.

बाटल्यांच्या पाण्याचं तुझं पातेलं वेगळं असायचं. त्यात चहा नाही, भाजी नाही. पाणी खळखळून उकळायचं, वर झाकण, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय कुणी तिकडे फिरकायचं नाही. मी शाळेतून भुकेली येते, आणि तू ओट्याशी परक्यांच्या पोरांचं पाणी करत उभी. एकदा मी रागानं त्या गार होत आलेल्या पाण्यात हात बुडवला. तू ओरडली नाहीस. सगळं पाणी ओतून दिलंस, पुन्हा गॅस पेटवलास आणि म्हणालीस, "तुला अंगावर पाजलंय गं मी. त्यांना निदान पाणी तरी नीट मिळू दे."

आता तसं पातेलं माझ्याही ओट्यावर आहे. पण तुझी एक गोष्ट मी मोडली. तू पाणी पार निववून मग दुधाची पावडर घालायचीस. बाळाच्या डॉक्टर म्हणाल्या, पावडरीतही जंतू असू शकतात, म्हणून उकळलेलं पाणी चांगलं गरम असतानाच ती घालायची, आणि मग बंद बाटली नळाखाली धरून कोमट करायची. तुझं चुकत होतं हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आज तिलाही ते ठसक्यात ऐकवलं. "मावशींना सांगायला हवं होतं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. तिचे. मला तेही बघवलं नाही.

ती गेल्यावर बाळाला घेऊन बसले. बाळ बाटली ओढतं तेव्हा त्याची मूठ माझ्या छातीवर असते. मला दूध आलंच नाही, आई. सासूबाईंनी हाळिवाचे लाडू केले, शतावरी झाली, काही उपयोग नाही. तुझ्या त्या पोरांचा हेवा करण्यात मी इतकी वर्षं घालवली. आता वाटतो तो तुझा. तुला मला पाजता आलं, आणि वर दुसऱ्यांच्या बाटल्याही करता आल्या. हे मी घरात कुणाला बोललेले नाही. तू समोर असतीस तर तुलाही बोलले नसते.