शाळेतला तांदूळ

मंगळवार, संध्याकाळ

आज निम्म्या पोरांनी शाळेतल्या खिचडीला हात लावला न्हाई. घरून सांगून पाठवलेलं, तांदूळ प्लास्टिकचा आहे म्हणून. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तांदूळ पाण्यावर तरंगतानाचा व्हिडिओ फिरतोय; तो कुणी टाकला ते पाहिलं, तर माझेच धाकटे दीर. मी त्याच शाळेत शिकवते. एकदा विचारायचं तरी मला.

मुख्याध्यापकांना सांगून मूठभर तांदूळ घरी आणला, शिजवला, भावजींसमोर ताट ठेवलं. शाळेच्या तांदळात जीवनसत्त्वं घातलेले थोडे दाणे मिसळलेले असतात, ते तांदळाच्या पिठापासून बनवतात, म्हणून पाण्यावर तरंगतात, हेही सांगितलं. भावजी मात्र ते पिवळसर दाणे निवडून ताटाच्या कडेला लावत बसले.

"वहिनी, एवढे लोक खोटं बोलून राह्यले का?"

"तुम्ही पाठवलं म्हणून त्यांना खरं वाटलं."

मंग पुन्हा दाणे निवडणं सुरू. मी कडेचे दोन दाणे बोटानं दाबले. भातासारखेच मोडले.

"बराबर आहे," ते हळूच म्हणाले. "पण ग्रुपवर लिहू नका. माझी इज्जत जाईल."

मी लिहिलं. त्यांचं नाव न घेता, माझ्या नावानं. व्हिडिओ खोटा आहे, उद्या शाळेत या, माझ्या शेजारी बसून जेवा. भावजी ताट सोडून उठले. आमचे हे म्हणाले, "काढून टाक, घरात वाद नको." वाद मोठा की पोरांचं उपाशी राहणं? काढणार न्हाई.

सासूबाई इतका वेळ नुसत्या ऐकत होत्या. त्यांनी भावजींचं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागल्या.

"उद्या मी येते शाळेत," म्हणाल्या.