शून्य पायरीचा उजेड

१५ ऑक्टोबर १९९९, शुक्रवार

जमलं! लॅपटॉपची वायर काढली की विंडोज पडद्यामागचा दिवा आपोआप मंद करतं, बॅटरी वाचावी म्हणून. मंद किती करायचा, ते ठरवणारा प्रोग्रॅम माझा. सात ते शून्य पायऱ्या. बॅटरीवर थेट शून्य! माझ्या टेबलावरच्या जुन्या मशीनवर तेवढ्यातही वाचता येतं.

सोमवारी ओसाकाचे हायाशी साहेब त्यांचा नवा लॅपटॉप घेऊन येणार. बॅटरी तीन तास टिकली तर मी पर्मनंट. अण्णा रोज जेवताना विचारतात, "काय गं, पक्की झालीस का?" मी काय साडीचा रंग आहे!

१८ ऑक्टोबर, सोमवार

आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. ऑफिसभर कीबोर्डांना कुंकू. हायाशी साहेबांच्या कपाळालाही!

आरतीच्या वेळी दिव्यांच्या माळेला प्लग कमी पडला. आमचे मॅनेजर वेणुगोपाल सर — त्यांनी साहेबांच्या, माझा प्रोग्रॅम घातलेल्या लॅपटॉपचीच वायर ओढली. पडदा काळाकुट्ट! या नव्या पडद्यावर शून्य म्हणजे मंद नव्हे, दिवाच बंद. आणि हे मला आज कळतंय!

वायर लावायला धावले, तर सर कानडीत ओरडले, "मुट्टबेडि! शिवू नकोस! पूजा झालीय. उद्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही!"

नोकरी डोळ्यांदेखत चालली होती आणि मी प्रसादाचं केळं खात उभी. हायाशी साहेब हात जोडून त्या काळ्या पडद्याकडे बघत होते. तीन तास झाले. पाच झाले. बॅटरीचा हिरवा ठिपका चालूच — साहेबांनी टाळ्या वाजवल्या!!

२० ऑक्टोबर

पर्मनंट!

"शून्य तसंच ठेव," सर म्हणाले.

"पण सर, दिसत काहीच नाही."

"स्वल्प समजून घे. त्यांना बॅटरी हवीय. तू पडदा कशाला बघतेस?"

अण्णांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. माझ्या वाट्याचा मी डब्यात परत ठेवला.

२२ ऑक्टोबर

हायाशी साहेबांचा फॅक्स — पडदा काळा असताना टाइप कसं करायचं, ते माहितीपुस्तकात लिहा. काम माझ्याकडे. सकाळभर विचार करून एक शब्द लिहिला: "आठवून."

सरांना आवडला!

२६ ऑक्टोबर

काल कुणाला न विचारता शून्याच्या जागी एक लिहिलं आणि ओसाकाला पाठवलं. अक्षरं स्वच्छ दिसतात. बॅटरी अडीच तासांत संपते. सरांनी आज दुपारीच कायमचं घरी पाठवलं. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.